फाइलच्या नावातली एक मोकळी जागा आणि पुसली गेलेली हार्ड डिस्क

नोव्हेंबर २००१. ॲपलने आपल्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरची, म्हणजे आयट्यून्सची दुसरी आवृत्ती लोकांसाठी खुली केली. त्याच महिन्यात पहिला आयपॉड बाजारात आला. आयपॉडमध्ये गाणी भरायची तर ही नवी आवृत्ती हवीच होती, त्यामुळे अनेकांनी ती लगेच उतरवून घेतली.

त्यातल्या काहींना नंतर धक्का बसला. गाण्यांचं सॉफ्टवेअर बसलं, पण हार्ड डिस्कच्या एका भागातल्या सगळ्या फाइल्स गायब झाल्या. फोटो, कागदपत्रं, कामाच्या फाइल्स, सगळंच. ॲपलने ती आवृत्ती तातडीने मागे घेतली आणि २.०.१ ही दुरुस्त आवृत्ती आणली.

हा व्हायरस नव्हता, हॅकिंग नव्हतं आणि डिस्कही खराब झालेली नव्हती. कारण होतं डिस्कच्या नावातली मोकळी जागा, म्हणजे स्पेस, आणि इन्स्टॉलरमधल्या एका ओळीत न लावलेली अवतरणचिन्हं.

'ध'चा 'मा' झाला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक असते. तिथे निदान एक अक्षर तरी बदललं होतं. इथे अक्षरही नव्हतं, नुसती रिकामी जागा होती. ती एवढा घोटाळा कसा करू शकते आणि आजही का करते, ते समजून घेऊ.

(सूचना: या लेखात कमांड आणि फोल्डरची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना कमांड रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.)

कमांड लाइन म्हणजे काय?

मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर आपण बहुतेक कामं बोटाने किंवा माउसने करतो. फोल्डरवर टिचकी मारली की तो उघडतो. त्याच्या नावात किती शब्द आहेत, याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं.

पण कॉम्प्युटरशी बोलण्याची याहून जुनी एक पद्धत आहे, ती म्हणजे हुकूम टाइप करणं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. विंडोजमध्ये तिला कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल म्हणतात, मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल. प्रोग्रॅमर, वेबसाइट सांभाळणारे, डेटावर काम करणारे लोक रोज हीच पद्धत वापरतात.

एवढंच असतं तर सामान्य माणसाला याची फिकीर करायचं कारण नव्हतं. पण आता चित्र बदललं आहे. 'लॅपटॉप हळू चालतोय? ही ओळ पेस्ट करा' असे रील्स दिसतात. एआय चॅटबॉटला विचारलं की तो कमांड लिहून देतो. ज्यांनी आयुष्यात कधी टर्मिनल उघडलं नव्हतं, तेही आता तिथे काहीतरी चिकटवून एंटर दाबतात. म्हणून स्पेसचं गणित सगळ्यांनाच माहीत असलेलं बरं.

पाणीपुरी की पाणी, पुरी?

टर्मिनलमध्ये लिहिलेली ओळ आधी 'शेल' नावाच्या प्रोग्रॅमकडे जाते. शेल त्या ओळीचे तुकडे करतो. पहिला तुकडा म्हणजे काय करायचं, आणि उरलेले तुकडे म्हणजे ते कशावर करायचं. हे तुकडे तो कुठे पाडतो? जिथे स्पेस दिसेल तिथे.

ठेल्यावरचं उदाहरण घ्या. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर 'पाणीपुरी' लिहिलं तर एक पदार्थ मिळतो. पण चिठ्ठी वाचणारा अगदी शब्दाला शब्द धरून चालणारा असेल आणि तुम्ही 'पाणी पुरी' लिहिलं, तर तो एक ग्लास पाणी आणि एक कोरडी पुरी हातात ठेवेल. चूक त्याची नाही. त्याला सांगितलंच आहे की जागा सोडली म्हणजे पुढची वस्तू सुरू झाली.

शेल हा असाच शब्दाला शब्द धरणारा माणूस आहे. समजा, तुमच्याकडे 'माझे फोटो' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात जायचं आहे. फोल्डरमध्ये जाण्याची कमांड आहे सीडी. तुम्ही लिहिता:

सीडी माझे फोटो

शेलच्या दृष्टीने इथे फोल्डरची दोन नावं आहेत, 'माझे' आणि 'फोटो'. एका वेळी दोन फोल्डरमध्ये कसं जाणार? म्हणून तो 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' अशी तक्रार करतो. जाण्याच्या कमांडमध्ये फार तर चिडचिड होते, नुकसान काही होत नाही. पण हाच प्रकार पुसून टाकण्याच्या कमांडमध्ये झाला तर?

आयट्यून्सच्या इन्स्टॉलरमध्ये नेमकं काय झालं?

मॅक आणि लिनक्सवर फाइल पुसण्याची कमांड आहे आरएम. तिच्यापुढे '-आरएफ' लावलं की दोन गोष्टी होतात. 'आर' म्हणजे फोल्डरच्या आत जे काही असेल ते सगळं पुसायचं. 'एफ' म्हणजे मध्ये थांबून विचारायचं नाही आणि एखादी वस्तू सापडली नाही तरी कुरकुर करायची नाही. शिवाय या कमांडने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते.

नवी आवृत्ती बसवण्याआधी जुनी काढून टाकायची, इतकंच त्या इन्स्टॉलरला करायचं होतं. त्यासाठी 'निवडलेल्या डिस्कवरच्या ॲप्लिकेशन्स फोल्डरमधलं आयट्यून्स पुसा' अशा अर्थाची ओळ त्यात होती. डिस्कचं नाव प्रत्येकाचं वेगळं असणार, म्हणून तिथे नाव थेट न लिहिता व्हेरिएबल ठेवला होता. व्हेरिएबल म्हणजे फॉर्ममधली मोकळी चौकट. चालवताना तिच्यात खरं नाव भरलं जातं. पण त्या चौकटीभोवती अवतरणचिन्हं नव्हती.

आता कल्पना करा की एखाद्याच्या मॅकवर डिस्कचे दोन भाग आहेत, 'डेटा' आणि 'डेटा जुना'. त्याने आयट्यून्स 'डेटा जुना' वर बसवायला सांगितलं. तर ओळ अशी तयार होते:

आरएम -आरएफ /व्हॉल्यूम्स/डेटा जुना/ॲप्लिकेशन्स/आयट्यून्स.ॲप

माणूस ही ओळ बरोबर वाचतो. शेल मात्र स्पेसपाशी तुकडा पाडतो. त्याला दोन वस्तू पुसायला सांगितल्या आहेत असं तो समजतो. पहिली '/व्हॉल्यूम्स/डेटा', म्हणजे 'डेटा' हा अख्खा भाग. दुसरी 'जुना/ॲप्लिकेशन्स/आयट्यून्स.ॲप', जी अस्तित्वातच नाही. दुसरीबद्दल तो तक्रारही करत नाही, कारण 'एफ' लावलेलं आहे. पहिली मात्र निमूटपणे पूर्ण पुसून टाकतो.

ज्यांच्याकडे डिस्कचा एकच भाग होता किंवा ज्यांच्या नावांची अशी जुळणी होत नव्हती, त्यांचं काहीच बिघडलं नाही. म्हणूनच अशा चुका चाचणीत निसटतात. चाचणी करणाऱ्याच्या मशीनवर नावं साधी असतात, आणि प्रोग्रॅम बिनचूक चालतो.

नेमकं २००१ मध्येच का?

हा योगायोग नव्हता. त्या वर्षी दोन वेगळ्या परंपरा एका मशीनमध्ये एकत्र आल्या होत्या.

पहिली परंपरा युनिक्सची. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तिची सुरुवात झाली. लोक टाइपरायटरसारख्या यंत्रांवर हुकूम टाइप करत. नावं जितकी छोटी तितकं बरं, म्हणून कमांडसुद्धा दोन-दोन अक्षरांच्या. फाइलच्या नावाला बरीच वर्षं १४ अक्षरांची मर्यादा होती. अशा जगात स्पेसचं काम एकच, शब्द वेगळे करणं. फाइलच्या नावात कोणी स्पेस टाकलीच तर युनिक्स अडवत नसे. तिथे नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: तिरकी रेघ, कारण ती फोल्डर वेगळे दाखवते, आणि शून्य किमतीचं 'नल' हे अदृश्य चिन्ह. बाकी सगळं चालतं. पण सहसा कोणी स्पेस टाकत नसे.

दुसरी परंपरा मॅकिंटॉशची. १९८४ मध्ये आलेल्या या कॉम्प्युटरमध्ये कमांड लाइन नव्हतीच. सगळं चित्रांतून आणि माउसने. त्यामुळे फाइलला माणसासारखं नाव द्यायला काहीच अडचण नव्हती. 'आईला पत्र' असं नाव सहज देता येई, कारण ते कोणाला टाइप करून बोलवावं लागणार नव्हतं. मॅकच्या डिस्कचं ठरलेलं नावच 'मॅकिंटॉश एचडी', म्हणजे मधोमध स्पेस असलेलं.

मार्च २००१ मध्ये ॲपलने मॅक ओएस टेन आणलं. वरून ते मॅकसारखं दिसत होतं, पण आतला पाया युनिक्सचा होता. एका परंपरेत स्पेस हा नावाचा भाग, दुसरीत ती नावाची हद्द. आठ महिन्यांनी आयट्यून्सच्या इन्स्टॉलरमध्ये या दोन समजुतींची टक्कर झाली.

स्पेसचा असा दुहेरी अर्थ आपल्यालाही परका नाही. जुन्या मोडी कागदांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. अक्षरं सलग लिहिली जात आणि शब्द कुठे तोडायचा ते वाचणारा संदर्भावरून ठरवत असे. छापील देवनागरीत ते काम स्पेस करते. माणूस संदर्भ पाहतो, म्हणून दोन्ही पद्धती चालतात. शेलला संदर्भ कळत नाही.

एक जादा स्पेस आणि अख्खी सिस्टीम

२०११ मध्ये उलट्या दिशेने अपघात झाला. लिनक्सवर काही लॅपटॉपची ग्राफिक्स कार्डं नीट चालावीत म्हणून 'बंबलबी' नावाचा एक मुक्त प्रकल्प होता. त्याच्या इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक फोल्डर पुसायचा होता. तो '/यूएसआर/लिब/...' या मार्गावर होता. लिहिताना 'यूएसआर' नंतर चुकून एक स्पेस पडली:

आरएम -आरएफ /यूएसआर /लिब/...

तुकडे पडले, आणि पहिला तुकडा झाला '/यूएसआर'. लिनक्समध्ये बहुतेक सगळे प्रोग्रॅम याच फोल्डरमध्ये असतात. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांची सिस्टीमच मोडली. दुरुस्ती काय केली? एक स्पेस काढली. प्रोग्रॅमर मंडळींमध्ये ही दुरुस्ती आजही दाखला म्हणून सांगितली जाते.

आयट्यून्सच्या वेळी खऱ्या नावात स्पेस होती आणि प्रोग्रॅमने ती गृहीत धरली नव्हती. बंबलबीच्या वेळी नावात स्पेस नव्हती, ती बोटाच्या चुकीने आली. शेलसाठी मात्र दोन्ही सारखंच.

विंडोजमध्ये हे होतं का?

होतं, पण वेगळ्या तऱ्हेने. डॉसच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि पुढे टिंबानंतर तीन, एवढीच जागा असे. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि २५५ अक्षरांपर्यंत लांब, स्पेस असलेली नावं चालू लागली. सॉफ्टवेअर ठेवण्याच्या मुख्य फोल्डरचं नावच 'प्रोग्रॅम फाइल्स' ठेवलं गेलं. जुन्या प्रोग्रॅमना हे झेपत नसे, म्हणून विंडोज अशा नावांना पडद्याआड एक आखूड टोपणनावही देत असे: पहिली सहा अक्षरं, मग '~१'.

पुढे विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये प्रत्येकाच्या फाइल्स 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरखाली असत. म्हणजे दोन स्पेस. व्हिस्टापासून त्या जागी नुसतं 'यूझर्स' आलं.

विंडोजवर या स्पेसमुळे सुरक्षेचाही एक प्रश्न उभा राहतो. समजा एखादी सेवा, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, या मार्गावर आहे:

सी:\प्रोग्रॅम फाइल्स\माझी सेवा\चालू.ईएक्सई

हा मार्ग अवतरणचिन्हांशिवाय नोंदवला असेल, तर विंडोजला प्रोग्रॅमचं नाव कुठे संपतं ते कळत नाही. मग ते एकेक शक्यता तपासतं. आधी 'सी:\प्रोग्रॅम.ईएक्सई' आहे का, नसेल तर 'सी:\प्रोग्रॅम फाइल्स\माझी.ईएक्सई' आहे का, आणि शेवटी खरी फाइल. मधल्या एखाद्या जागी कोणी त्या नावाची घातक फाइल ठेवली, तर खऱ्या सेवेऐवजी ती सुरू होईल. आणि अनेक सेवा सिस्टीमच्या सर्वोच्च अधिकारांनी चालतात.

सुदैवाने सी ड्राइव्हच्या मुळाशी साध्या वापरकर्त्याला फाइल ठेवता येत नाही, त्यामुळे हा धोका सगळीकडे सारखा नाही. तरीही सुरक्षा तपासणाऱ्यांच्या यादीत ही त्रुटी आजही असते, आणि तिचा इलाज दोन अवतरणचिन्हं एवढाच आहे.

मग योग्य पद्धत कोणती?

तीन सोपे मार्ग आहेत.

पहिला, अवतरणचिन्हं. पूर्ण मार्ग दुहेरी अवतरणचिन्हांत टाका:

सीडी "माझे फोटो"

आता शेलला कळतं की चिन्हांच्या आतलं सगळं एकच नाव आहे. ही पद्धत विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. मॅक आणि लिनक्सवर एकेरी अवतरणचिन्हंही चालतात. फरक इतकाच की दुहेरीच्या आत '$' ने सुरू होणारे व्हेरिएबल उलगडले जातात, एकेरीच्या आत सगळं जसंच्या तसं राहतं. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये मात्र एकेरी चिन्हांना हा अर्थ नाही, तिथे दुहेरीच वापरा.

दुसरा, उलटी तिरकी रेघ. मॅक आणि लिनक्सवर स्पेसच्या आधी ती टाकली की 'पुढची स्पेस ही नावाचाच भाग आहे' असा अर्थ होतो:

सीडी माझे\ फोटो

विंडोजवर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे हीच रेघ फोल्डर वेगळे करायला वापरतात.

तिसरा मार्ग सगळ्यात चांगला: टाइपच करू नका. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा. शेल उरलेलं नाव स्वतः पूर्ण करतो आणि हवी ती चिन्हंही लावतो. मॅकवर फोल्डर माउसने ओढून टर्मिनलवर सोडला की पूर्ण मार्ग बिनचूक उमटतो. विंडोजवर शिफ्ट दाबून फाइलवर उजवी टिचकी मारली की 'कॉपी ॲज पाथ' हा पर्याय मिळतो. तो मार्ग अवतरणचिन्हांसकट कॉपी करतो.

चिन्हं लावूनही चुकतं, ते कुठे?

इथे चार सापळे आहेत, आणि भले भले त्यांत अडकतात.

एक, गोल चिन्हं. वर्डमध्ये किंवा आयफोनच्या कीबोर्डवर लिहिलेली सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात. दिसायला ती सुबक असतात, पण शेलच्या लेखी ती अवतरणचिन्हं नसून साधी अक्षरं असतात. मित्राने मेसेजमधून पाठवलेली किंवा नोट्समध्ये जपून ठेवलेली कमांड चालत नसेल, तर आधी ही चिन्हं तपासा.

दोन, चिन्हांच्या आत गेलेली खास अक्षरं. मॅक आणि लिनक्सवर '~' म्हणजे तुमचा मुख्य फोल्डर आणि '*' म्हणजे 'सगळ्या फाइल्स'. ही दोन्ही अवतरणचिन्हांच्या आत गेली की त्यांचा खास अर्थ संपतो. म्हणून ती बाहेर ठेवायची आणि फक्त नाव आत घ्यायचं.

तीन, विंडोजवर शेवटी राहिलेली उलटी रेघ. "डी:\जुना डेटा\" असा मार्ग काही प्रोग्रॅमना दिला, तर शेवटची रेघ बंद होणाऱ्या अवतरणचिन्हाला चिकटते. मग प्रोग्रॅमला वाटतं नाव अजून संपलंच नाही, आणि पुढचं सगळं तो नावातच धरतो. बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या रोबोकॉपीमध्ये हा गोंधळ नेहमीचा आहे. उपाय सोपा आहे, शेवटची रेघ लिहू नका.

चार, पॉवरशेल. तिथे अवतरणचिन्हांत प्रोग्रॅमचा मार्ग लिहून एंटर दाबलं, तर प्रोग्रॅम सुरू होत नाही, लिहिलेली ओळच परत छापली जाते. पॉवरशेलला तो मजकूर वाटतो. सुरुवातीला '&' हे चिन्ह आणि एक स्पेस टाकली की तो प्रोग्रॅम चालवतो.

एकाच वेळी शेकडो फाइल्स असतील तर?

खरी कसोटी इथे लागते. एक कमांड फाइल्सची यादी बनवते आणि दुसरी ती यादी वाचून काम करते, अशी जोडणी युनिक्समध्ये नेहमीची. फाइंड शोधते, एक्सआर्ग्ज पुढे पाठवते. पण एक्सआर्ग्जही स्पेस दिसली की तुकडा पाडते. 'लग्न अल्बम.जेपीजी' या एका फाइलच्या दोन होतात. त्यातलं 'लग्न' या नावाचं खरंच काही असेल, तर तेही कामाला लागतं.

यावरचा तोडगा हुशारीचा आहे. नावात जे चिन्ह येऊच शकत नाही, तेच दोन नावांच्या मध्ये ठेवायचं. ते म्हणजे वर उल्लेख केलेलं 'नल'. फाइंडला '-प्रिंट०' आणि एक्सआर्ग्जला '-०' सांगितलं की दोघी स्पेसकडे दुर्लक्ष करून फक्त 'नल'पाशी तुकडा पाडतात. हे पर्याय अनेक सिस्टीमवर बरीच वर्षं होते, पण युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या पॉसिक्स या अधिकृत मानकात ते २०२४ च्या आवृत्तीत आले.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी नियम एका ओळीत सांगता येतो: व्हेरिएबल जिथे वापराल तिथे दुहेरी अवतरणचिन्हांत वापरा, आजच्या नावात स्पेस नसली तरी. आज 'डेटा' असलेली डिस्क उद्या कोणाकडे तरी 'डेटा जुना' असणारच आहे.

अर्थात, अवतरणचिन्हं म्हणजे सर्व रोगांवर औषध नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टने काही लोकांच्या सगळ्या फाइल्स पुसल्या. तिथे व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हं होती. पण फोल्डर हलवल्यामुळे तो व्हेरिएबलच रिकामा राहिला, आणि 'या फोल्डरमधलं सगळं पुसा' याचं 'डिस्कच्या मुळापासून सगळं पुसा' झालं. म्हणून पुसण्याआधी चौकटीत खरंच काही भरलंय का, हेही तपासावं लागतं.

मग नावात स्पेस ठेवायचीच नाही का?

रोजच्या फाइल्ससाठी असा नियम करण्याची गरज नाही. 'आजीचा वाढदिवस २०२४' हे नाव वाचायला सोपं आहे, आणि फोटो फक्त टिचकीने उघडायचे असतील तर काहीच बिघडत नाही. कॉम्प्युटरने माणसाच्या सोयीने वागावं, माणसाने कॉम्प्युटरच्या नव्हे, ही अपेक्षा रास्तच आहे.

पण जिथे प्रोग्रॅमिंग करायचं आहे, तिथे स्पेस टाळलेली बरी. कारण तुम्ही काळजी घेतली तरी मधलं एखादं जुनं साधन घेईलच असं नाही. १९७६ मध्ये जन्मलेलं 'मेक' हे साधन आजही असंख्य प्रोग्रॅम बांधायला वापरलं जातं आणि फाइल्सची यादी ते स्पेसवरच तोडतं. अँड्रॉइड स्टुडिओसुद्धा एसडीकेच्या मार्गात स्पेस असेल तर आधीच सावध करतो.

विद्यार्थ्यांची अडचण अनेकदा इथेच सुरू होते. नवा लॅपटॉप घेतल्यावर विंडोजमध्ये खातं उघडताना पूर्ण नाव लिहिलं जातं, नाव आणि आडनाव, मध्ये स्पेस. ते स्थानिक खातं असेल तर 'यूझर्स'खालचा फोल्डर त्याच नावाने तयार होतो, आणि नंतर खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव तसंच राहतं. मग एखादं साधन बसता बसत नाही आणि कारणही कळत नाही. अशा वेळी प्रोजेक्ट थेट 'सी:\कोड' किंवा 'डी:\प्रोजेक्ट' अशा साध्या मार्गावर ठेवला की बरेच प्रश्न सुटतात. फोल्डरच्या नावात दोन शब्द हवे असतील तर मध्ये '-' किंवा '_' वापरा.

वेबसाइटवर टाकायच्या फाइल्सनाही हेच लागू आहे. इंटरनेटच्या पत्त्यात स्पेस चालत नाही, म्हणून ब्राउझर तिच्या जागी '%२०' लिहितो. स्पेसचा संगणकीय क्रमांक ३२ आहे, आणि सोळाच्या पाढ्याने मोजणाऱ्या पद्धतीत तो २० असा लिहितात. निमंत्रणपत्रिकेच्या लिंकमध्ये जागोजागी दिसणारे ते '%२०' म्हणजे फाइलच्या नावातल्या स्पेसच.

पेस्ट करून एंटर दाबण्याआधी

कुठूनही मिळालेली कमांड चालवण्याआधी एवढं करा.

ओळीत 'आरएम', 'डेल' किंवा 'रिमूव्ह' असं काही दिसतंय का ते पाहा. दिसलं तर तिथेच थांबा. ही कमांड काय पुसणार हे स्वतःला सांगता येत नसेल, तर ती चालवू नका.

मार्गात स्पेस आहे का आणि असल्यास पूर्ण मार्ग अवतरणचिन्हांत आहे का, ते तपासा. तिरक्या रेघेच्या आधी किंवा नंतर एखादी जादा स्पेस पडलेली नाही ना, हेही पाहा. बंबलबीची चूक एवढीच होती.

मॅक किंवा लिनक्सवर पुसण्याची कमांड चालवण्याआधी तीच ओळ 'आरएम -आरएफ' च्या जागी 'एलएस -डी' लिहून चालवा. ही कमांड फक्त नावं दाखवते, काही पुसत नाही. एका नावाऐवजी दोन नावं दिसली किंवा 'अशी फाइल नाही' असं उत्तर आलं, तर समजा की शेलने तुकडे पाडले आहेत. लिनक्सवरच्या एलएसच्या २०१६ नंतरच्या आवृत्त्या स्पेस असलेली नावं अवतरणचिन्हांत दाखवतात, त्यामुळे फरक लगेच कळतो.

आणि महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवा, जी कॉम्प्युटरला कायम जोडलेली नसेल. आयट्यून्सच्या त्या इन्स्टॉलरने ज्यांच्या फाइल्स पुसल्या, त्यांनी स्वतः काहीच चुकीचं टाइप केलं नव्हतं. त्यांनी फक्त आपल्या डिस्कला दोन शब्दांचं नाव दिलं होतं.